जमिनीखालचं कोणाचं

माझा भाऊ कोस्मास डुक्कर मागायला आला, तोही गोड बोलत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी तो माझ्या चुलीपाशी फिरकतो तो माझा नवरा घरात नसला तरच, आणि आल्या आल्या सुपारी मागतो. त्या दिवशी स्वतःची सुपारी घेऊन आला. मलाही दिली.

"ताई, तुझं ते काळं डुक्कर काय भरलंय गं!"

"भरणारच. रताळी माझी, नारळ माझे, कुंपण घालताना मोडली ती कंबरही माझीच. बोल, कशाला हवंय?"

"रविवारी जेवण घालावं म्हणतो. फिदेलिससाठी."

"माझ्या मुलासाठी? त्याचं लग्न ठरवलंस की काय मला न विचारता?"

"छे गं. पोरगा आता बाप्या झाला. मामाने भाच्याला काहीतरी द्यायला नको? माझे डोळे गेले, ताई. झाडावरचा नारळ दिसत नाही मला. म्हाताऱ्याला आता त्याने सांभाळावं."

माझ्या हातातली चुन्याची डबी खाली पडली.

म्हातारा म्हणजे कोणी माणूस नव्हे. म्हातारा म्हणजे मशीनगन. जपान्यांची, तीन पायांची, माझ्या आजीच्या तरुणपणी आमच्या या बेटावर लढाई झाली तेव्हाची. जपानी मेले, उरलेले निघून गेले आणि ही ओढ्याकाठच्या आमच्या मळ्यात गाडली गेली. पुढे तांब्याच्या खाणीवरून सरकारशी आमची स्वतःची लढाई पेटली. बोटी बंद, औषधं बंद, मीठसुद्धा बंद. त्या दिवसांत आईची खणायची काठी एकदा लोखंडावर आपटली आणि कोस्मास नि त्याचे सोबती त्या खड्ड्यावर तुटून पडले. खोबरेलात बुडवून, कानशीने घासून, पाण्याचे पाइप कापून हा भाग नि तो भाग जोडून त्यांनी ती मशीनगन उठवली. पहिल्यांदा उडाली ती खोकत खोकत, म्हणून नाव पडलं म्हातारा.

तह झाल्यावर सगळ्यांनी बंदुका पेटीत घातल्या, पेटीला कुलपं लागली, नंतर बंदुका तोडून फोटोही निघाले. म्हातारा मात्र पेटीत गेला नाही. तो पुरुषांच्या घरात, मोठ्या लाकडी नगाऱ्यांच्या मागे चटईत निजून राहिला. त्या घरात बायकांनी पाऊल टाकायचं नाही, म्हणून पुरुषांना वाटायचं की बायकांना काही ठाऊक नाही. अहो, त्याला लावायचं तेल आमच्याच चुलीवर निघत होतं! पण झाकली मूठ म्हणून आम्हीही गप्प होतो.

"डुक्कर मिळणार नाही," मी म्हणाले.

"ताई, विचार कर."

"केला. तुझा म्हातारा तुझ्याबरोबर मरू दे. माझ्या पोराच्या गळ्यात बांधू नकोस."

"तुझा पोरगा माझा वारस आहे. आपल्यात मुलगा मामाचा असतो, हे आता मी तुला शिकवू?"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. त्याची सुपारी मी त्याच्यासमोर थुंकून टाकली.

माझा नवरा डेमियन आणि कोस्मास यांच्यात वीस वर्षांत एक शब्द नाही. लढाईत गावं दुभंगली, कोणी रानात गेलं, कोणी सैन्याच्या छावणीत. डेमियन माझ्यासाठी रानात राहिला. त्याचा धाकटा भाऊ रोमानुस आपल्या आईला घेऊन छावणीत गेला, कारण तिच्या पायाला जखम होती आणि औषध फक्त तिथेच होतं. एके सकाळी रोमानुस ओढ्याशी आला. वर झाडीत म्हातारा होता आणि म्हाताऱ्यामागे कोस्मास. प्रेत छावणीवाल्यांनी उचललं, त्यामुळे रोमानुसच्या हातात काय होतं हे पाहणारा कोस्मास एकटाच. तो म्हणतो बंदूक होती, सैनिकांना वाट दाखवत होता. डेमियन म्हणतो, माझ्या भावाने आयुष्यात बंदुकीला हात लावला नाही. डेमियनची माणसं म्हणाली, नि:शस्त्र माणूस मारला एवढं कबूल कर, मग एकत्र बसून सुपारी खाऊ. कोस्मास म्हणाला, लढाईत मेला तो लढाईत मेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत. आणि त्याच बंदुकीला आता रोमानुसच्या सख्ख्या पुतण्याने तेल लावायचं होतं.

मी फिदेलिसला गाठलं. तो कोको वाळवायच्या भट्टीपाशी पत्रा कापत बसला होता. गावोगावच्या भट्ट्या तोच दुरुस्त करतो. एक छोटा जनरेटर आणि लोखंड कापायचं यंत्र, एवढं त्याचं दुकान.

"मामाने सांगितलं का तुला?" मी विचारलं.

"सांगितलं."

"आणि तू हो म्हणालास?"

"आई, बैस आधी. आल्या आल्या ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये!"

"पलीकडच्या भट्टीवरची माणसं बघतायत, इतकं ओरडत नाहीयेस." त्याने यंत्र खाली ठेवलं. "आता मी सांगतो ते ऐक. पुढल्या वर्षी आपलं बेट वेगळं व्हावं का, यावर आपण मत देणार. सगळे स्वातंत्र्याला देणार, ठीक. पण ते मत मानायचं की नाही हे कोण ठरवणार? तेच, राजधानीत, मोरेस्बीत बसलेले. ते नाही म्हणाले तर? आपण काय करायचं, मेणबत्त्या लावायच्या? ते पहिल्यांदा बोलायला बसले ते आपल्या हातात बंदूक होती म्हणून. त्याआधी आजीच्या पिढीने किती विनवण्या केल्या खाणीच्या कंपनीला? कोणी ऐकलं?"

"नाही ऐकलं."

"मग? गावात एक तरी असू दे. वापरायची नाही, फक्त असू दे."

उद्या ते आले तर काय करायचं, मला माहीत नाही. मला माहीत होतं ते एवढंच.

"सैन्याचं हेलिकॉप्टर गोळ्या झाडत आलं, तेव्हा तुझा म्हातारा कुठे होता ठाऊक आहे? केळीच्या पानांखाली झोपला होता. निम्म्या गोळ्या फुसक्या, त्याच्या भरवशावर कोण राहणार? सबंध लढाईत त्याने एकच माणूस मारला. सैनिक नाही मारला. तुझा काका मारला."

"काकाकडे बंदूक होती."

"तुला कोणी सांगितलं?"

"मामाने."

"आणि तुझा बाप काय सांगतो?"

"बाबा तिथे नव्हते. मामा होता." त्याने मान फिरवली. "प्रत्येकाला मामाकडून काही ना काही मिळतं, आई. कोणाला नारळाची बाग, कोणाला शंखांच्या माळा. माझ्या मामाचं तारुण्य रानात गेलं. त्याच्याकडे हेच आहे. मी ते नाही म्हणू?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी त्याचा पत्र्याचा तुकडा लाथेने उडवला आणि घरी आले.

शुक्रवारी शांततेच्या कचेरीतून इग्नास नावाचा माणूस आला. उत्तरेच्या बेटावरचा, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट आणि बुटांवर आमचा सगळा चिखल. मत द्यायच्या आधी प्रत्येक गावाने सगळ्यांसमोर सांगायचं होतं, आमच्यात आता एकही लढाईचं हत्यार नाही. कोस्मासने ते आधीच ठरवून टाकलं होतं. इग्नास विचारेल, सगळे एका सुरात नाही म्हणतील, कोंबडी खाऊन तो जाईल आणि रविवारी म्हातारा फिदेलिसच्या हवाली होईल. माझ्या डुकराऐवजी त्याने दुसरीकडून डुक्करही मिळवलं होतं.

पुरुषांच्या घरासमोरच्या पटांगणात गाव जमलं. पुढे पुरुष, मध्ये आम्ही बायका. डेमियन त्याच्या माणसांबरोबर अगदी मागे, फणसाच्या झाडाखाली. कोस्मासच्या सावलीलाही तो बसत नाही.

इग्नासने विचारलं, "तर मंडळी, हारुमा गावात कोणाकडे हत्यार आहे का?"

"नाही!" पुरुष ओरडले.

"आहे," मी म्हणाले.

कोणाच्या तरी तोंडातली सुपारी कुडकन फुटली ती ऐकू आली.

"त्या घरात आहे. नगाऱ्यांच्या मागे, चटईत. जपानी मशीनगन. बायकांनो, खोटं बोलतेय का मी?"

बायका खाली बघत हसायला लागल्या. झाकली मूठ उघडली होती.

"ताई!" कोस्मास उठला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "घरभेदीपणा करतेस?"

"घर माझंय. मी भेदीन नाहीतर सांधीन."

इग्नासने घाम पुसला. "कोस्मासदादा, हे खरं असेल तर ते हत्यार मला द्यावं लागेल. लढाईतली सगळी हत्यारं सरकारजमा करायची, हे तहात ठरलंय."

तेव्हा कोस्मास बोलायला लागला. माझा भाऊ बोलतो छान, ते नाकारत नाही. काठीवर हात टेकून, सगळ्यांवरून अंधूक नजर फिरवून तो म्हणाला, "सरकारजमा? हे सरकारचं होतं कधी? आम्ही हे सैन्याकडून हिसकावलं नाही. बोटीतून आणलं नाही. हे आमच्या जमिनीतून निघालं. कंपनी आली तेव्हा काय म्हणाली होती? जमिनीच्या वरचं तुमचं, जमिनीच्या खालचं सरकारचं. डोंगर पोखरून तांबं नेलं, नदी मारली. आम्ही काय उत्तर दिलं? वरचं आमचं आणि खालचंही आमचं! एवढ्या एका वाक्यासाठी माणसं मेली. आणि आज तू आपला माणूस असून तोच कायदा घेऊन आलास? सरकारला सांग, ज्याची जमीन त्याचं लोखंड!"

पुरुषांनी नगारे बडवावेत तशा मांड्या बडवल्या. माझ्या अंगावरही काटा आला. शब्द खरेच होते. आणि ते खरे होते म्हणूनच मी उभी राहिले.

"कोस्मास, छान बोललास. आता मला एक सांग. ज्याची जमीन त्याचं लोखंड, असंच ना?"

"असंच."

"मग ती जमीन कोणाची?"

"आपल्या कुळाची."

"कुळ म्हणजे कोण? खाणीच्या फाटकापाशी तू काय घोषणा देत होतास, ती म्हण की इथे."

आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं होतं. पण बाण सुटला होता. मी गावातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडे, पाउलुस आजोबांकडे वळले.

"आजोबा, तुम्ही सांगा. जमीन कोणाची?"

पाउलुस आजोबांनी सावकाश चुना चाटला. "जमीन बायकांची. हे काय विचारणं झालं?"

"ओढ्याकाठचा मळा?"

"तुझ्या आईचा."

"आई तर गेली."

"मग तुझा, टेक्ला."

"झालं तर. म्हातारा माझ्या मळ्यातून निघाला. म्हातारा माझा. बाहेर काढा त्याला."

पुढे बसलेल्यांपैकी कोणीतरी खिदळलं, "बाईची मशीनगन!"

"हो, बाईची," मी म्हणाले. "तुला काय त्रास आहे?"

कोस्मास ओरडला, "बंदूक म्हणजे काय रताळं आहे, मळ्यातून निघालं म्हणून तुझं व्हायला?"

"रताळं असो, तांबं असो, लोखंड असो. की जमिनीखालचं पुरुषांचं, असा नवा कायदा निघालाय? मग कंपनीलाच परत बोलवा ना! तिचा कायदा निदान छापलेला तरी होता."

आता बायका हसत नव्हत्या. एकेक करून उठून उभ्या राहत होत्या. सगळ्यांच्या मळ्यांमध्ये काही ना काही पुरलेलं आहे आणि सगळ्यांच्या घरात मुलगे आहेत.

पाउलुस आजोबा म्हणाले, "कोस्मास, तू स्वतःच गाठ मारलीस. तिला तुझ्याच्याने नाही म्हणवत नाही आणि माझ्याच्यानेही नाही. हिला नाही म्हटलं, तर आपण कशासाठी लढलो ते पोरांना कसं सांगायचं? आणा बाहेर."

चौघांनी ती उचलून आणली. इतकी वर्षं मी तिला पाहिलं नव्हतं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान होती. तेलाने चकाकत होती. माझ्या पोरांच्या डोक्याला लावायला तेल नव्हतं त्या दिवसांतही हिला तेल होतं, हे आठवून माझं डोकं फिरलं.

इग्नास खूश होऊन पुढे आला. "वा, टेक्लाताई! तुमच्यासारख्या बायका आहेत म्हणून शांतता आहे. ठेवा गाडीत, मी आजच—"

"तुला कोण देतंय?"

"अं?"

"माझी वस्तू आहे म्हणून आत्ताच ठरलं ना? मग सरकारला का देऊ? नेऊन कुठे ठेवशील? खोलीत. खोलीला कुलूप, कुलपाला किल्ली, किल्ली कोणाच्या तरी खिशात. उद्या ती दुसऱ्याच्या पोरावर रोखलेली दिसायची. माझ्या जमिनीतलं लोखंड माझ्या जमिनीवर तुटेल, आज आणि आत्ता. तू हवं तर बघ, नाहीतर कोंबडी खा."

"पण पद्धत अशी आहे, की—"

"पद्धत सरकारची, लोखंड माझं. फिदेलिस, तुझं यंत्र आण."

माझा मुलगा हाताची घडी घालून उभा होता. हलला नाही.

"मी नाही कापणार, आई. सगळ्यांसमोर मामाला लाजवलंस, ते पुरे झालं नाही?"

"बरं," मी म्हणाले. जनरेटर आणि यंत्र बायकांनीच भट्टीवरून आणलं. ते सुरू कसं करायचं हे मी शंभरदा पाहिलेलं होतं, पण पाहणं वेगळं. बटण दाबलं तशी ती चकती पिशवीत कोंडलेल्या मांजरासारखी हातात उसळली. ठिणग्या उडाल्या, कमरेचं कापड जळालं, नळीवर एक ओरखडा आला नि चकती निसटून माझ्या अंगठ्याजवळून गेली. मी पुन्हा टेकवली. पुन्हा निसटली. थांबणार नव्हते मी. अंगठा गेला असता तरी थांबले नसते.

फिदेलिसने धावत येऊन माझ्या हातातून यंत्र ओढून घेतलं.

"हात तुटेल तुझा! वेडी आहेस का?"

"आहे. दे इकडे."

"नाही देत!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे. मग फिदेलिसने गुडघा टेकला, नळी पायाखाली दाबली आणि माझ्याच ओरखड्यावर चकती ठेवली. रागारागाने लोखंड कापत होता. ठिणग्या पार पाउलुस आजोबांच्या पायांपर्यंत गेल्या. नळीचे दोन तुकडे झाले. मग त्याने मधलं धूड कापलं, मग पाय. यंत्र बंद केलं तेव्हा कानात नुसतं घूं होत होतं.

"झालं तुझं समाधान?" त्याने मला विचारलं. उत्तराला थांबला नाही. तो कोस्माससमोर जाऊन उभा राहिला आणि त्याचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. "मामा, आता तुझ्याकडे मला द्यायला काय उरलं?"

माझा भाऊ जमिनीवर बसला. डोळ्यांनी अंधूक झालेला, दात गेलेला, काडीसारख्या दंडांचा माणूस. बंदूक नसली की तो असा दिसतो, हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं. मला त्याची दया आली. पण मी दया गिळली.

"आहे त्याच्याकडे," मी म्हणाले. "रोमानुस पडला त्या दिवसापासून हा किती दिवस अन्न ओकत होता, ते मी पाहिलंय. शत्रू मारणारा माणूस असा ओकत नाही. का ओकत होतास, कोस्मास? ते दे भाच्याला. तेवढं एकच तुझं स्वतःचं आहे, बाकी सगळं माझ्या मळ्यातलं."

वाटलं, आता तो उठेल आणि जाईल. मग त्याने हाताने चाचपून फिदेलिसचा घोटा धरला नि त्याला खाली बसवलं.

"तुझा काका," तो पुटपुटला, "ओढ्यात वाकून पाणी भरत होता. स्वतःच्या आईसाठी. त्याच्या हातात पाण्याचा भोपळा होता रे. मला दिसत होतं. तेव्हा माझे डोळे चांगले होते."

फिदेलिसने तोंडावर हात ठेवला. मागे फणसाखाली डेमियन उभा राहिला होता, मान पुढे काढून, कानामागे हात धरून.

"मोठ्याने बोल," मी कोस्मासला म्हणाले. "मागे ऐकू जात नाहीये."